अक्का, तुझा फ्रिज गार करीना

अक्का, तुझा फ्रिज बंद पडला. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि तुझ्यासाठी निवांत रडायचं सोडून मी गेले चार दिवस नाक धरून हॉलभर फिरत होते. हे तुझंच काम असणार असं मला राहून राहून वाटतं. कुणाच्या घरातून काहीतरी मागं ठेवल्याशिवाय उठणारी तू नव्हतीसच.

पेपरात जे यायचं ते आलं. आपल्या भावाच्या, अण्णाच्या पोरानं, बसूनं, चष्मा तिरका झालेला तुझा फोटो दिला आणि खाली वय चुकवलं. त्याच्या फोनवरच्या स्टेटसचं तर विचारूच नकोस. तुझ्या डोक्याभोवती गुलाबाची फुलं गरगरतात आणि खाली एक ज्योत फडफडते. मी फोन उपडा करून ठेवला. तू कुठं जन्मलीस, किती शिकलीस, मागं कोण कोण आहे, हे सगळं लोकांनी वाचलं आणि विसरलेसुद्धा असतील. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय, आणि ते फ्रिजवरूनच बोलता येईल. इतकी वर्षं एका घरात राहून आपण दोघी बोललो त्यातलं निम्मं तरी फ्रिजवरूनच बोललो.

लग्नाच्या चौथ्या वर्षी तू विधवा होऊन कुरुंदवाडला परत आलीस, आणि आई-बाबा गेल्यावर कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्याकडं. मी शाळेत मास्तरीण, बिनलग्नाची. तू इडली-डोशाचं पीठ वाटून गल्लीला पुरवायला लागलीस, आणि त्या पिठासाठी हा फ्रिज आला. स्वयंपाकघरात मावेना म्हणून हॉलमध्ये, दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीला उभा राहिला. आल्यागेल्याला पहिलं दर्शन त्याचं. तुझा त्याच्यावर भारी जीव. जरा घरघरला की तू त्याच्या अंगावर थाप मारून म्हणायचीस, "चल की रं बाबा, दमलास व्हय?" मला इतक्या मायेनं कधी विचारल्याचं आठवत नाही.

आपलं भांडण त्याच्या पोटात काय भरायचं यावरून. वाटीभर उरलेलं वरण, अर्धं लिंबू, परवाच्या आमटीचा तळ, कुणीतरी दिलेली काकवी. आणि त्या गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या! तुझी गाठ आजवर कुणाला सुटली नाही. मी कात्रीनं कापायची आणि आत काय असायचं? पाणी सुटलेली काळी कोथिंबीर, नाहीतर बुरशीनं केसाळ झालेलं काहीतरी, जे मुळात काय होतं ते तुलाही सांगता यायचं नाही. मी ओरडायची, "फ्रिज आहे का उकिरडा?" तू शांतपणे दुसरी पिशवी आत सरकवायचीस. "तुला सगळ्याचीच किळस. माणूस म्हणून जगायला जरा घाण लागतीच, सुमे."

खरं होतं ते. मला लहानपणापासून सगळ्याचीच किळस. दुसऱ्याच्या तांब्यानं मी पाणी प्यायले नाही, जेवणात केस निघाला तर दोन दिवस ते ताट डोळ्यांसमोरून हलायचं नाही. शाळेत पोरांची नाकं पुसायची वेळ आली की मी शिपाईबाईला हाक मारायची. तुझ्या बोलण्याचीही मला लाज वाटायची. मी पोरांना शुद्ध बोलायला शिकवणार, आणि घरी तू "मी येतो", "मी खातो की" असं पुरुषासारखं बोलणार. आपल्या गल्लीतल्या सगळ्याच बायका तशा बोलतात, पण पाहुण्यांपुढं तू बोललीस की मला जमिनीत जावंसं वाटायचं.

पुरात अण्णाचं घर बुडालं ती वेळ आठवते? पाणी ओसरल्यावर आपण कुरुंदवाडला गेलो. घरात घोट्याच्या वर गाळ, आणि स्वयंपाकघरात त्यांचा फ्रिज. पाण्यावर तरंगून, कुठं कुठं आपटून शेवटी ओट्याशी आडवा पडलेला. त्याला कुणी हात लावेना. तू पदर खोचलास, भिंतीला पाय लावून दार ओढलंस, आणि आतून जो वास आला त्याला अजून माझ्याकडं शब्द नाही. मी अंगणात पळाले आणि पेरूच्या बुंध्याशी भडाभडा ओकले. तू आतून ओरडलीस, "सुमे, तितंच थांब. आत येऊ नगंस. बादल्या तेवढ्या भरून दारात ठेव." मी दिवसभर बादल्या भरल्या. तू दिवसभर ती पेटी हातानं उपसलीस आणि घासलीस.

परतताना एसटीत तुझ्या हाताला वास येत होता. साबणानं तीनदा धुवूनही येत होता. मी हळूच खिडकीकडं सरकले. तू ते बघितलंस, दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतलेस आणि कोल्हापूर येईपर्यंत तशीच बसलीस.

हे सगळं सांगायचं कारण तुझी पाठ.

डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून तुला घरी पाठवलं तेव्हा तुला उठता येत नव्हतं. पंधरा दिवसांत पाठीला जखम झाली. सेवेला ठेवलेली बाई चौथ्या दिवशी यायची बंद झाली, फोनसुद्धा उचलेना. मग मीच. रोज सकाळी तुला कुशीवर करायचं, जखम धुवायची, पट्टी बदलायची. पहिल्या दिवशी मी जुन्या साडीच्या तुकड्याची चौपदरी घडी घातली, मधे कापूर ठेवला आणि नाकातोंडावर करकचून बांधली. डोळे तेवढे उघडे. तू माझ्याकडं क्षणभर बघितलंस आणि भिंतीकडं तोंड फिरवलंस. दुसऱ्या दिवशीही तेच. मी फडकं हातात घेतलं की तू भिंतीकडं. अडीच महिने, रोज. एरवी बोलून बोलून जीव नकोसा करणारी तू, यावर एक अक्षर बोलली नाहीस.

मीही विचारलं नाही. "राग आला का गं?" एवढंच विचारायचं होतं, एका शब्दात उत्तर मिळालं असतं. तू गेल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. मला आपली सख्खी बहीण घाण वाटते, असं समजून तू गेलीस का? आणि खोटं कशाला बोलू, वास मला सहन होत नव्हताच. फडक्याच्या आत मी श्वास धरून ठेवायची, आणि पट्टी झाली की मोरीत जाऊन उलटी करायची. तुला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायची.

त्याच दिवसांत तुझी कुरकूर सुरू झाली. "सुमे, फ्रिज गार करीना झालाय गं. ताक कोमट हाय."

"अंगात ताप आहे तुझ्या. तुला काही गार लागायचं नाही."

"ताप मला हाय. ताकाला न्हाई."

मी पेला आपटून ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. आपलं शेवटचं धड भांडण ते. त्यानंतर तुला भांडायचीही ताकद राहिली नाही.

तू गेलीस त्या सकाळी घरात माणूस मावेना. आपल्यात माणसाला आडवं नेत नाहीत, मांडी घालून बसवून नेतात. बसवायला पाठीला भिंत लागते, आणि हॉलमध्ये अशी भिंत एकच, फ्रिजची. बसू आणि गल्लीतले तिघं लागले, फ्रिज तिरका करून बाजूला ओढला आणि त्याच्या जागेवर तुला बसवलं. कपाळाला विभूती, अंगावर ती तुझी हिरवी इरकल. दारातून आत येणाऱ्याला पहिलं दर्शन आता तुझं. हार इतके झाले की तुझी हनुवटी दिसेना. कुणीतरी वरचे दोन-तीन काढून शेजारी फ्रिजवर टाकले.

आणि माणसं काय काय बोलत होती! "किती शांत दिसतीया." शांत? तू? "सुटली बिचारी." हे तर प्रत्येकानं, डोळ्यांना रुमाल लावून. कुणापासून सुटली, हे मला विचारायचं होतं. शेजारच्या पाटीलवैनी सोडल्या, तर अडीच महिन्यांत यातल्या एकाचंही पाऊल आतल्या खोलीत पडलं नव्हतं. दारातूनच "झोपलीय का? झोपू दे" म्हणून परतायचे, चहा घेऊन. मला त्या दिवशी जखमेची आली नसेल एवढी किळस त्या रुमालांची आली.

तुला नेलं. बायकांनी जागा धुतली. पाहुण्यांना बसायला जागा व्हावी म्हणून बसूनं फ्रिज परत जागेवर ढकलला, पार भिंतीला टेकेपर्यंत. वर कुणीतरी सतरंज्यांच्या घड्या रचल्या. पुढं डबे सुरू झाले. सुतकाच्या घरात आपण रांधत नाही म्हणून शेजारी आणि सोयरे आणून देतात, आणि आणलेल्याला नको म्हणता येत नाही. झुणका, वांग्याची भाजी, दहीभात, पुन्हा झुणका. जेवणार मी आणि येईल तो पाहुणा. उरलेलं प्रत्येक बाई जाता जाता फ्रिजमध्ये कोंबून जायची, पिशवीला गाठ मारून. तुझ्याच शाळेत शिकलेल्या सगळ्या.

सातव्या दिवशी सकाळी हॉलमध्ये माझा पाय ओला झाला. वरच्या कप्प्यातला बर्फ वितळून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला होता. दूध फाटलं होतं. दार उघडलं आणि लगेच लावलं.

मग मी तुझ्या फ्रिजची तपासणी सुरू केली, अगदी शाळेतल्यासारखी, एकेक पायरी. प्लग नीट बसलाय का? बसलाय. स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा? लागलाय. दार उघडल्यावर आतला बल्ब? तोही लागतो. म्हणजे वीज पोचतेय. गार करायची चकती कुणी शून्यावर फिरवली का? नाही. मी ती शेवटच्या आकड्यापर्यंत नेली आणि दिवसभर वाट बघितली. काही फरक नाही, फक्त फ्रिजचं अंग बाहेरून चटका बसेल इतकं तापलं. दाराच्या रबरात कागद धरून दार लावलं आणि ओढून बघितला. खालच्या बाजूनं अलगद निघून आला. मागच्या पिशव्या पुढं रेटत होत्या, दार पुरतं लागतच नव्हतं. शेवटी कान लावला. घरघर सुरू व्हायची, मिनिट-दोन मिनिटं चालायची, मग टक् आवाज होऊन बंद. काही वेळानं पुन्हा तेच. कुणी बघत नाही हे पाहून मी थापसुद्धा मारली. तुझ्यासारखी जमली नाही.

आणि वास. आंबलेल्या भाताचा, वांग्याचा, ते मला ओळखता येत होतं. पण त्याखाली आणखी एक होता, गोडसर, ओला, जो दार बंद असतानाही यायचा. त्या वासानं मला तुझी खोली आठवायची. ती तर मी फिनेलनं तीनदा पुसली होती.

बसूला फोन केला. तो म्हणाला, "आत्ती, टाक की तो खटारा. नवीन घिऊ. जुना दुकानवाले न्हेतील आतल्या मालासकट." त्यानं दिलेल्या नंबरवरच्या माणसानं न बघता फोनवरच निकाल दिला, कॉम्प्रेसर गेला. किती हौसेनं सांगतात बघ, सगळ्यांना सगळं टाकायचीच घाई.

तुझ्यापासून आता काय लपवू? मलाही तेच हवं होतं. दार न उघडता, दोरीनं बांधून, आतल्या सगळ्यासकट जाऊ दे एकदाचा. मी माळ्यावरून दोरी काढलीही. ती त्याच्याभोवती गुंडाळताना मला कुरुंदवाडचं स्वयंपाकघर आठवलं, भिंतीला लावलेला तुझा पाय आठवला, आणि एसटीत पदरात गुंडाळलेले हात. मी दोरी सोडली आणि गल्लीच्या तोंडावरच्या मुलाणी मिस्त्रींना बोलावून आणलं. पांढरी दाढी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. तेच ते, तुला कधीमधी गॅसची शेगडी दुरुस्त करून द्यायचे.

त्यांनी दारातूनच अट घातली. "ताई, आधी रिकामा करा. घरच्या अन्नाला मी हात लावत न्हाई, माझा नेम हाय. रिकामा झाला की बोलवा."

शेजारच्या पाटीलवैनी मदतीला आल्या. मी दोरीवर वाळत घातलेलं ते फडकं काढलं, तेच, चौपदरी. कापूर ठेवला आणि बांधायला लागले. वैनी माझ्याकडं बघत राहिल्या, मग हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"तुमी सरा, मी काढतो समदं. तुमास्नी सोसायचं न्हाई. अक्का सांगायच्या की."

"काय सांगायची?"

"तुमी बाजाराला गेलता, तवा मी बसायला यायचो न्हवं का त्यांच्याजवळ. एकदा इचारलं, का ओ अक्का, धाकटी पट्टी कराय आली की भिंतीकडं का तोंड करता? तर म्हणाल्या, मी तिच्याकडं बघाय लागलो की तिचा हात थरथरतोय. तिला वाटतंय मला वाईट वाटालंय. म्हणून मी आपला भिंतीकडं बघतो. तिचं निवांत हू दे."

मी तशीच उभी, फडक्याची दोन टोकं डोक्यामागं हातात.

"आनि म्हणाल्या, मला कशाची किळस न्हाई, मी कुणाचं काय केलं तर त्यात काय मोठं? हिला ओकारी येती. नळ सोडून ओकती, मला काय कळत न्हाई व्हय? तरी दुसऱ्या दिवशी टायमाला हजर. हे माझ्याच्यानं झालं नसतं, वैनी."

अक्का, तुला वाटेल मी तिथं बसून रडले असेन. रडले नाही. मला इतका संताप आला की हातातलं फडकं मी भिरकावलं. हे तू पाटीलवैनीला सांगितलंस? मला का नाही? मी तिथंच होते, तुझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर. तू माझ्यासाठी भिंत बघत होतीस आणि मी समजत होते तू माझ्यावर रुसलीस. अडीच महिने, एका खोलीत, तोंड असलेल्या दोन बायका, आणि एकीनंही ते उघडू नये? गल्लीभर पिठासोबत गप्पा वाटणारी तू, घरात एवढं एक वाक्य तुला जड झालं? आणि मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले, शंका असेल तर हात वर करा.

राग अजून गेलेला नाही. तो असू दे, तुझ्याशी भांडायला काहीतरी पाहिजेच मला.

आम्ही दोघींनी मिळून फ्रिज उपसला. वैनींनी गाठी कापल्या, मी पिशव्या बादलीत ओतल्या. सगळ्यात मागं, वरच्या कोपऱ्यात, एका डब्यात तुझं शेवटचं पीठ निघालं, तू अंथरुणाला खिळायच्या आधी वाटलेलं. गुलाबी झालं होतं, वर बुरशीची साय. मी ते डोळे मिटून ओतलं.

मिस्त्री आले. त्यांनी वरच्या सतरंज्या उतरवल्या, फ्रिज भिंतीपासून ओढला आणि खाली वाकून कॉम्प्रेसरला बोट लावून झटकन मागं घेतलं. "भाजलं की." मग पाठीमागच्या काळ्या जाळीवर बॅटरी मारली. जाळी दिसतच नव्हती, धुळीचा आणि केसांचा जाड थर नुसता. त्यातले कितीतरी लांब पांढरे केस तुझे होते.

"बगा ताई. फ्रिज आतली गरमी ह्या जाळीतनं भाईर टाकतोय. जाळीला धूळ, मागं भिंत, वर सतरंज्या. तुमी त्याचं नाकच दाबलंय. कॉम्प्रेसर तापतोय, आपसूक बंद पडतोय, जरा निवला की परत लागतोय. बिघडलेला न्हाई त्यो, गुदमरलाय."

"आठ दिवसांत एवढं होतं?"

"आठ दिवसांत? ही धूळ लै दिसाची हाय. भिंतीला लावला म्हणून आता बंद पडला, पन दोन-तीन म्हैनं तरी कमीच गार करत असंल. कळलं न्हाई तुमास्नी?"

कळलं होतं की. घरातल्या एका माणसाला अंथरुणातून कळलं होतं आणि तिनं सांगितलंही होतं. ताप तुला होता, ताकाला नव्हता. तुझं बरोबर होतं, अक्का. हे मी लिहून देतेय, कारण समोर असतीस तर मी अजूनही कबूल केलं नसतं. शेवटच्या दिवसांत तुला धड गार ताकही मी दिलं नाही, हे मात्र आता कुणाला दुरुस्त करता यायचं नाही.

मिस्त्रींनी ब्रशनं जाळी साफ केली. मग त्यांनी नाक आक्रसलं, खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला. "हितं काय तरी मेलंय, ताई. उंदीर असंल." कॉम्प्रेसरच्या वर एक प्लॅस्टिकचा ट्रे असतो, आतलं वितळलेलं पाणी त्यात जमा होतं. इतक्या वर्षांत मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी तो बाहेर ओढला आणि तो वास सगळ्या हॉलभर झाला. तोच, गोडसर, ओला.

उंदीर नव्हता. हार होता. तुझ्या गळ्यातला काढून फ्रिजवर टाकलेला, आणि बसूनं फ्रिज भिंतीला रेटला तेव्हा मागं घसरलेला. झेंडू काळे पडून लगदा झाले होते. निशिगंधाची खळ झाली होती, त्यात वळवळणारे पांढरे किडे. बेलाची पानं तेवढी शाबूत. इतके दिवस कॉम्प्रेसरच्या उष्णतेवर तुझा हार त्या पाण्यात शिजत होता, आणि मी तुझी खोली पुसत होते.

"सरा, मी काडीनं काढतो," मिस्त्री रुमालाआडून म्हणाले.

"नको," मी म्हटलं. "तो आमच्या अक्काचा आहे."

ट्रे उचलून मी मोरीत गेले. फडकं हॉलमध्ये खुर्चीखाली कुठंतरी पडलं होतं. ते आणायला मागं फिरले नाही.

फ्रिज आता चालू आहे. मिस्त्रींनी दोन तास तसाच उभा ठेवायला सांगितला, मग लावला, आणि संध्याकाळपर्यंत वरच्या कप्प्यात पांढरा थर धरला. भिंतीपासून वीतभर लांब ठेवायची ताकीद देऊन गेलेत. हॉल लहान झाला, बसू आला की त्याचा गुडघा आपटतो आणि तो नव्या फ्रिजचं काढतो. मी सांगितलंय, हा इथंच राहील. मी ताक करून ठेवलंय, तुझ्याच पितळी पेल्यात. मघाशी हात लावून बघितला, दात शिवशिवतील इतकं गार झालंय. माझ्यानं ते प्यायलं जात नाही, आणि टाकवतही नाही. आता तूही म्हणशील, फ्रिज आहे का उकिरडा.

जाता जाता एवढंच, अक्का. तो हार मी हातानं काढला, मूठ मूठ करून, आणि ट्रे नखानं खरवडून घासला. नाकाला काही बांधलं नव्हतं. नळही सोडला नव्हता. आणि तुला खरं ते सांगते, किळस आलीच. फार आली.